देव पाहिले, हात पाहायचे राहिले

मराठीत क्षेत्रवर्णनाचा एक ठरलेला साचा आहे. आधी नदी येते, मग घाट येतो, मग कोवळ्या उन्हात झळाळणारा कळस येतो. त्यामागून स्थळाची आख्यायिका आणि देऊळ बांधणाऱ्या सरदाराचे नाव येते. शेवटी लेखकाचे हात आपोआप जोडले जातात व लेख संपतो. मुलांना मराठी शिकविताना आणि दर दिवाळीला अंक चाळताना असे कितीतरी लेख मी वाचले आहेत. त्यांच्या भक्तिभावाविषयी मला शंका नाही. तक्रार आहे ती त्यांच्या नजरेविषयी. ती देवाकडे जाते, दात्याकडे जाते. पण घडविणाऱ्याकडे वळत नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, ही म्हण आपण पोरांना उपदेश करण्यासाठी हरघडी वापरतो. मात्र ती टाकी कोणाच्या हातात होती, हे विचारण्याची आपल्याला कधी गरज भासली नाही.

याचा पडताळा पाहावयाचा असेल तर सातारा जिल्ह्यातील वाईला जावे. कृष्णाकाठच्या या गावाला दक्षिण काशी म्हणतात. गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत आळीआळीचा घाट निराळा आणि आळीआळीचा कृष्णाबाईचा उत्सवही निराळा. १९१६ साली येथे प्राज्ञपाठशाळा निघाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथलेच आणि मराठी विश्वकोशाचे कामही येथूनच चालले. असे हे जाणत्यांचे गाव आहे. त्याच्या देवळांविषयी मात्र विचाराल, तर दोन सनावळ्या हाती पडतात. काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधले आणि ढोल्या गणपतीचे गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली. येथेच माहिती संपते. रास्त्यांनी पैसा दिला, जागा निवडली, धर्मकृत्य केले. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण रास्त्यांनी काही हातात छिन्नी धरली नव्हती.

विश्वेश्वरापुढचा नंदी घटकाभर न्याहाळून पाहा. काळ्या पाषाणाला असे तुळतुळीत पाणी चढविले आहे की त्यावर हात फिरविण्याचा मोह आवरत नाही. गळ्यातल्या घंटामाळेकडे पाहा. कठीण काळा दगड चुकीची क्षमा करीत नाही. मातीच्या मूर्तीसारखी त्यात मागाहून भर घालता येत नाही. एक घाव जास्त पडला की महिन्यांची मेहनत वाया. असे असूनही त्या कारागिराने साखळीची कडी न् कडी सुटी दाखविली आहे. शाळेची सहल घेऊन मी एकदा येथे आलो असता पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे घुंगरू खरे का हो वाजत नाहीत?" त्या नंदीची याहून चांगली समीक्षा माझ्या वाचनात नाही. दगड आहे हे ठाऊक असूनही कानाने नादाची वाट पाहावी, यात त्या अनामिक पाथरवटाचे सगळे यश आले.

ढोल्या गणपतीच्या देवळात कसब आणखी निराळे आहे. मूर्ती एका अखंड पाषाणातली आणि देऊळ अगदी नदीला लागून. कृष्णेच्या पुराचा लोंढा थेट अंगावर यावयाचा, म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार केली. पाणी तिच्यावर आपटत नाही, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. ही शोभा नव्हे, ही अक्कल आहे. ज्याने ती योजिली, त्याने किती पावसाळे या काठावर उभे राहून पाणी पाहिले असेल! शिखर विटा-चुन्याचे आहे. जुना चुना म्हणजे आजच्या सिमेंटसारखे पोते फोडून कालवायचे काम नव्हते. चुना विझवावयाचा, बैल जुंपून घाणीत मळावयाचा, त्यात गूळ, हिरडा यांचे पाणी घालावयाचे आणि मग धीराने तो मुरू द्यावयाचा. तो सावकाश घट्ट होतो व भिंतीला श्वास घेऊ देतो. आज जुन्या देवळाच्या डागडुजीला सिमेंट थापले जाते आणि पाषाणावर तैलरंगाचा हात फिरतो. वाईचा गणपतीही आज रंगलेलाच आहे. रंग देणाऱ्याचा हेतू भक्तीचाच असतो. पण त्याखाली टाकीची शेवटची बारीक खूण बुजते, हेही तितकेच खरे.

वाईपासून कोसभरावर मेणवली आहे. तेथे नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि मेणेश्वराचे देऊळ आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रात आल्या. त्यांतली एक येथे टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा सन आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. सहलीच्या मंडळींना ही विजयाची कथा आवडते, आणि २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात हाच घाट दिसला म्हणून छायाचित्रेही पुष्कळ निघतात. मला आणखी एक गोष्ट दिसते. लढाई संपली, राज्ये बुडाली, पण ओतारीने साधलेला नाद मात्र धर्म ओलांडून तसाच्या तसा चालू राहिला. चांगल्या कामाला असे दुसरे घर मिळते.

हीच कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून खाली सांगलीला येते. सांगलीचे गणपती मंदिर चिंतामणराव पटवर्धनांनी उभारले. त्यासाठी काळा दगड जोतिबाच्या डोंगरावरून आणला. येथेही तोच प्रकार. संस्थानिकांचे नाव पोराटोरांना पाठ, आणि तो दगड कातणाऱ्यांचे नाव कोठेच नाही. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, म्हणून आपण त्यांना आद्य नाटककार मानतो. पण हेच भावे लाकडाच्या चालत्या-बोलत्या बाहुल्याही करीत. नाटककार भावे पाठ्यपुस्तकात गेले; सुताराची हत्यारे हाती धरणारे भावे मागे राहिले. एकाच माणसाच्या बाबतीतही आपण शब्दाला मान देतो आणि हाताला विसरतो, ते असे.

मग सारेच हरवले का? सांगलीपासून दोन-अडीच कोसांवर मिरज आहे, तेथे याचे उत्तर मिळते. मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि अंबाबाईचे देऊळ आहे. दोन्ही ठिकाणी गायक हजेरी लावतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्यात आहे. आणि येथेच तंबोरे, सतारी बनतात. हा व्यवसाय करणारी शिकलगार घराणी मुळात हत्यारांना धार लावणारी. राज्ये गेली, तलवारी म्यानात गेल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच हातांनी भोपळा आणि तुणीचे लाकूड धरले. पंढरपूरकडचा भोपळा वाळवून, कापून, त्यावर तबली बसवून, दांडी जोडून वाद्य उभे राहते. पण ते अजून मुकेच असते. घोडीचा माथा कानशीने घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढावी लागते. केसभर कमी घासले तर तार कोरडी बोलते. केसभर जास्त झाले तर नाद फाटतो. याला माप नाही, कानच काय तो साक्षी.

माझा मुद्दा येथे येतो. मिरजेचा हा हुन्नर टिकला, याला कारागिरांची चिकाटी कारण आहेच; पण तेवढीच नव्हे. त्यांच्यापुढे बसणारा गवई कान देऊन ऐकतो आणि जवारी बिघडली असेल तर तोंडावर सांगतो. तो कारागिराला नावाने ओळखतो, पुन्हा त्याच्याचकडे जातो. म्हणजे जाणता ग्राहक हाच कलेचा खरा आश्रयदाता. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंद आहे. पण खोक्याएवढा विजेचा तंबोरा घरोघर आला आहे, आता तर तो मोबाईलमध्येही वाजतो. तेव्हा फरक ऐकू येणारे कान उरले नाहीत, तर कागदावरचे मानांकन एकटे काय करणार? पाथरवटाचे नेमके हेच झाले. त्याच्या कामातले बरेवाईट सांगणारे डोळेच नाहीसे झाले. गुळगुळीत फरशी आणि झगमगीत रंग यांनाच आपण 'सुधारणा' म्हणून वर्गणी देऊ लागलो, मग त्याची टाकी थांबणारच.

कोणी म्हणेल, देऊळ म्हणजे काही प्रदर्शन नव्हे. तेथे दर्शनाला जावयाचे, परीक्षणाला नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण नंदीच्या पोटाखाली, जेथे कोणाची नजर पोचत नाही तेथेही पाथरवट हात राखून काम करीत नसे. ती त्याची पूजाच होती. ती न पाहता परतणे म्हणजे अर्ध्या पूजेवरून उठणे होय. डोळसपणाने भक्ती उणावत नाही, उलट तिला आधार मिळतो.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन कृष्णाकाठी जाल, तेव्हा त्यांना दगडाजवळ थोडा वेळ उभे करा. टाकीच्या रेषा बोटाने चाचपू द्या. कोणी बांधले, याबरोबर कोणी घडविले, कसे घडविले, हेही विचारू द्या. नाव सापडणार नाही, पण प्रश्न विचारणारी पिढी तयार झाली, तर पुढच्या डागडुजीच्या वेळी वर्गणीचा कागद समोर येताच त्यांतला एखादा तरी म्हणेल, "काका, सिमेंट राहू द्या, आधी चुना मळणारा गवंडी शोधू या."