एका अ‍ॅनिमेशनपटाचे दोन पाठ

कर्ट गेडा यांनी दिग्दर्शित केलेला 'बॅटमन बियाँड : रिटर्न ऑफ द जोकर' हा अमेरिकन अ‍ॅनिमेशनपट डिसेंबर २००० मध्ये घरगुती व्हिडिओवर आला, तो कात्री लागलेल्या रूपात. कोलंबाइन येथील शाळेत १९९९ साली झालेल्या गोळीबारानंतर मुलांपुढील हिंसादर्शनाविषयी तेथे निर्माण झालेल्या धास्तीचा हा परिणाम होता. मूळ पाठ २००२ साली डीव्हीडीवर प्रसिद्ध झाला आणि दोहोंची तुलना शक्य झाली.

बॅटमनचा किशोरवयीन साथीदार टिम ड्रेक याला जोकर पळवून नेतो, अनन्वित छळतो आणि बॅटमनला मारण्यासाठी त्याच्याच हाती पिस्तूल देतो. मूळ पाठात टिम त्या पिस्तुलाने जोकरलाच ठार करतो. संपादित पाठात तो त्याला केवळ ढकलतो. जोकर मरतो तो विजेच्या धक्क्याने.

वरवर पाहता हा भेद मृत्यूच्या प्रकाराचा आहे. वस्तुतः तो कर्तृत्वाचा आहे. एका पाठात मृत्यू ही मुलाची कृती ठरते, दुसऱ्यात जवळजवळ अपघात. टिमच्या पुढील आयुष्यावर पडलेली छाया आणि ब्रूस वेनचे दीर्घ मौन यांची संगती त्या कृतीशीच लागते. संपादित पाठात शोक उरतो, परंतु त्याचे मूळ क्षीण होते.

मूळ पाठही निर्दोष नाही. भूतकाळाच्या या प्रखर प्रसंगापुढे नव्या बॅटमनची, टेरी मॅकगिनिसची, कथा फिकी पडते. तथापि हिंसेची किंमत दाखविणारा पाठ तोच आहे. बालमनाच्या रक्षणासाठी चालविलेल्या कात्रीने नेमकी ती किंमतच झाकली, हे मान्य करावे लागते.