पाहणे आणि पाळत ठेवणे

चित्रपट आणि पाळत यांचा संबंध मांडताना समीक्षा बहुधा एका सूत्राचा आधार घेते: प्रेक्षक अंधारात बसून, स्वतः न दिसता, इतरांचे जगणे पाहतो, तेव्हा चित्रपटगृह हे पाळतीचेच सौम्य रूप होय. लॉरा मल्व्ही यांचा दृश्यसुखाविषयीचा निबंध आणि मिशेल फूको यांचा तुरुंगसंस्थेवरील ग्रंथ, दोन्ही १९७५ सालचे. त्यांचे एकत्र वाचन होऊ लागल्यावर कामनेची नजर आणि सत्तेची नजर एकच, असा समज रूढ झाला. या समजात एक महत्त्वाचा भेद हरवतो.

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’मध्ये (१९५४) पाय प्लास्टरमध्ये असल्याने घरात अडकलेला छायाचित्रकार जेफ्रीज समोरच्या खिडक्या न्याहाळतो. त्याच्या पाहण्यामागे कंटाळा, कुतूहल आणि पुढे संशय आहे. त्या नजरेला धनी आहे. म्हणूनच संशयित थॉरवाल्ड समोरून थेट त्याच्याकडे पाहतो, तो क्षण निर्णायक ठरतो. पाहणारा पाहिला जातो आणि त्याला जाब द्यावा लागतो.

मिशाएल हानेके यांच्या ‘काशे’मध्ये (२००५) ही शक्यताच उरत नाही. पॅरिसमधील एका घराचे स्थिर, लांबलेले दृश्य आपण चित्रपट म्हणून पाहत असतो. ते वेगाने पुढे सरकू लागते तेव्हा कळते की ही घरमालक जॉर्जकडे आलेली चित्रफीत आहे. ती कोणी घेतली, याचा उलगडा अखेरपर्यंत होत नाही. या नजरेला धनी नाही. चित्रफितीत आरोपही नाही, नुसते घर आहे. आरोप जागा होतो तो जॉर्जच्या स्मृतीत. मजीद या अल्जीरियन मुलाचे आईवडील १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमधील निदर्शनांसाठी गेले ते परतले नाहीत. पोलिसांनी त्या दिवशी केलेली हत्या फ्रेंच राज्यसंस्थेने दीर्घकाळ दडवली. आणि या पोरक्या मुलाला घरातून घालविण्यासाठी सहा वर्षांचा जॉर्ज खोटे बोलला होता.

परंतु पाळतीमुळे सत्य उजेडात येते, असा दिलासा हानेके देत नाहीत. जॉर्जचा मुलगा एक रात्र घरी येत नाही, तेव्हा पोलीस कोठडीत जातात ते मजीद आणि त्याचा मुलगा. चित्रफीत जॉर्जच्या घराची. संशयाचा भार मात्र पुन्हा मजीदवरच.

यामुळे समीक्षेला आपला प्रश्न विस्तारावा लागेल. कॅमेरा कोणाच्या नजरेने पाहतो, एवढे विचारणे ‘रिअर विंडो’पुरते पुरेसे होते. पाळतीचा कॅमेरा केवळ साठवतो. त्याच्या प्रतिमेला अर्थ मिळतो तो ती पाहिली जाते तेव्हा. तो अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्याची शिक्षा कोणाच्या वाट्याला येते, हेही आता विचारले पाहिजे.