शेल-स्क्रिप्टमधील अभाव व अनुपलब्धी

युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीस मालक, गट व इतर अशा तीन वर्गांसाठी वाचन, लेखन व कार्यवाही यांच्या परवानग्या असतात. परवानगी नसता फाइल उघडू पाहणाऱ्यास प्रणाली नकार देते. शेल-स्क्रिप्टचे बहुसंख्य लेखक या नकाराचा अर्थ लावण्यात चुकतात, आणि ही चूक केवळ तांत्रिक नसून तर्काची आहे.

‘ग्रेप’ या आज्ञेचे उदाहरण घ्यावे. पॉझिक्स प्रमाणकानुसार शोधलेला मजकूर सापडल्यास तिचा निर्गम-अंक ०, न सापडल्यास १ आणि त्रुटी घडल्यास १ हून मोठा असतो. शेलचे ‘इफ’ मात्र शून्य आणि शून्येतर एवढाच भेद जाणते. प्रवेश नाकारलेल्या व्यक्तींची यादी अशा रीतीने तपासणाऱ्या स्क्रिप्टला ती यादी वाचण्याचीच परवानगी नसेल, तर यादीतील प्रत्येक व्यक्तीस निर्धास्त प्रवेश मिळेल. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीस अभावाचे प्रमाण मानले. परंतु वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असली पाहिजे, ही अटही घातली. या स्क्रिप्टमध्ये नेमकी तीच अट पाळलेली नाही.

रूढ उपायही समाधानकारक नाहीत. त्रुटी-संदेश ‘डेव्ह-नल’कडे वळविणे म्हणजे एकमेव साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. संपूर्ण फाइलवृक्ष धुंडाळताना संदेशांचा भडिमार होतो, हे खरे. परंतु ते वेगळ्या फाइलीत साठविता येतात. ‘७७७’ परवानगी देण्याने अडचण दूर होते, पण त्याबरोबर रक्षणही संपते. ‘टेस्ट’ आज्ञेने आधी परवानगी पाहणेही अपुरे आहे. कारण तपासणी व वाचन यांमधील क्षणात परवानगी बदलू शकते. शिवाय ज्या डिरेक्टरीत शिरण्यास मनाई आहे, तिच्यातील फाइल असूनही ‘टेस्ट’ ती नाही असेच सांगते.

यास्तव प्रत्यक्ष कृती करावी, निर्गम-अंक तत्काळ जपून ठेवावा आणि ०, १ व त्याहून मोठा अशा तीन शाखा कराव्यात. तिसऱ्या शाखेत फाइलीचे नाव त्रुटी-प्रवाहात लिहून स्क्रिप्टने शून्येतर अंकासह थांबावे. जे वाचता आले नाही, त्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार स्क्रिप्टला नाही.