कॅमेरा हाती आला, विषय कधी येणार?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि टाळेबंदीतही ती छायाचित्रे काही दिवसांत जगभर पोहोचली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. यथावकाश पाणी पुन्हा हिरवट झाले. पण गुलाबी पाण्याच्या छायाचित्रांचा जसा पूर आला, तसा त्या परतणाऱ्या रंगाच्या छायाचित्रांचा काही आला नाही. आपल्याकडच्या हौशी छायाचित्रणाची आजची अवस्था या एका गोष्टीत सापडते. नवल घडले की कॅमेरे धावून जातात, नवल ओसरले की माघारी फिरतात. हात तयार आहेत, यंत्रे उत्तम आहेत, हौसेला तोटा नाही. तरीही कितीतरी जणांचा कॅमेरा काही वर्षांत कपाटात जाऊन बसतो. याचे कारण पैशाच्या नाहीतर वेळेच्या टंचाईत शोधले जाते. माझ्या मते खरी टंचाई विषयाची आहे. छंद कॅमेऱ्याने सुरू होतो, पण जन्मभर टिकतो तो एखाद्या विषयाचे बोट धरूनच.

यंत्र स्वस्त झाले की छंद रुजतो, हा समज इतिहासाशी ताडून पाहण्यासारखा आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर. पण या संस्थेत हौसेने वावरणाऱ्या पहिल्या मराठी माणसांपैकी एक. त्या काळात काचेवर रसायन चढवायचे, ती ओली असतानाच चित्र टिपायचे आणि ओली असतानाच धुवायचे, असा खटाटोप होता. तो शिकलेल्या आणि ऐपतदार माणसालाच परवडे. १९०० मध्ये कोडॅकने एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा विकायला काढला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हीच कामगिरी पुढे आग्फाच्या क्लिक थ्रीने केली. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो, आणि रोल संपला की तालुक्याच्या स्टुडिओत धुवायला टाकायचा. आता मोबाइलने तोही खर्च संपवला. प्रत्येक टप्प्यावर दार रुंद झाले, आत येणारे वाढले. पण आत आलेले टिकले किती, हा प्रश्न दाराच्या रुंदीने सुटला नाही.

यावर जुनी मंडळी म्हणतात की रोलमध्ये बाराच फोटो असत म्हणून माणूस विचार करून बटण दाबी; मोबाइलने तो विचारच मारला. यात तथ्य आहे, पण अर्धेच. त्या काळातले घरगुती अल्बम उघडले तर बारशाला, लग्नाला, जत्रेला एका रांगेत ताठ उभी राहिलेली माणसेच अधिक सापडतात. फोटो वाया जाऊ नये ही काळजी खर्चाची होती. तिने हात जपून चालला, डोळा तयार झालाच असे नाही. डोळा तयार होतो तो एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा पाहण्याने. त्याला रोल लागतो असे नाही आणि मोबाइल आड येतो असेही नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा एका शेतकऱ्याचा आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. त्याच्या दारात जे पडत होते ते साऱ्या गावाच्या दारात पडत होते. मात्र दर हिवाळ्यात त्या हिमकणांकडे परत परत पाहणारा तो एकटाच. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला तो याच रीतीने: वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने, धीराने टिपत. फाळके हौशी नव्हते, त्यांनी गोध्र्यात स्टुडिओ चालवला होता, हा आक्षेप बरोबर आहे. पण कुंडीतल्या रोपासमोर रोज कॅमेरा लावण्याला कुणी गिऱ्हाईक नव्हते. तिथे कामाला आली ती हौशी माणसाची चिकाटीच.

आता लोणारच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याकडे पाहू. या गावाचे नाव इतिहासात आहे ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्काने इथे मुबारिझखानाला हरवले आणि हैदराबादच्या असफजाही राज्याचा पाया पडला. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ मध्ये, त्यामुळे त्या रणांगणाचे चित्र नाही याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. पण आपल्या हयातीत जे बदलले त्याला ही सबब चालत नाही. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. मेहकर आणि सिंदखेडराजाच्या शिवारातून समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या नागपूर ते शिर्डी टप्प्यावर वाहतूक सुरू झाली. महामार्गाची ड्रोनमधून घेतलेली छायाचित्रे हवी तितकी मिळतात. एकाच बांधावरून पेरणीला, निंदणीला, सोंगणीला आणि उन्हाळ्यातल्या रिकाम्या रानात घेतलेली, वर्षानुवर्षांची छायाचित्रे मात्र बाहेरून आलेला छायाचित्रकार कधीच देऊ शकणार नाही. तो एक दिवस येतो. गावचा हौशी माणूस आषाढातही तिथेच असतो आणि चैत्रातही. शिवाय ज्यांचे फोटो घ्यायचे ती माणसे त्याच्या ओळखीची असतात. त्यांना विचारूनच फोटो घ्यावा लागतो आणि नंतर दाखवावाही लागतो. छोट्या गावात विषय कुठे आहेत, हे गाऱ्हाणे म्हणून मला पटत नाही.

तरीही आपली हौशी मंडळी पंढरीची वारी, कासचे पठार आणि ताडोबाचा वाघ याच वाटेने का जातात? कारण कौतुकाची व्यवस्थाच तशी आहे. स्पर्धेत एकेकट्या चित्राला गुण मिळतात. छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची एएफआयएपीसारखी पदवी मिळवायलाही किती प्रदर्शनांत किती चित्रे स्वीकारली गेली याची मोजणी लागते. परीक्षकाला क्षणात भिडेल असे चित्र मग साहजिकच बाजी मारते, आणि तसे चित्र कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक असते. यावर उत्तर असे दिले जाते की गायकही आधी गुरूची नक्कल करतो; नवशिक्याने नावाजलेल्या जागी जाऊन नावाजलेले चित्र काढले तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. स्पर्धांनी तांत्रिक पातळी उंचावली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. अडचण पुढे येते. रियाझ संपल्यावर मैफल कसली करायची हे आपल्या मंडळांत कुणी विचारत नाही, आणि मग नव्या लेन्सची खरेदी हाच प्रगतीचा पुरावा ठरतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. छंद आनंदासाठी असतो. त्याच्यावर नोंदी ठेवण्याचे ओझे कशाला? उत्तरासाठी लोणारच्या दैत्यसूदन मंदिराकडे पाहावे. भर दुपारी त्याच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे सपाट, मळकी दिसतात. ऊन तिरपे झाले की तीच शिल्पे सावलीच्या रेघांनी उठून येतात, दागिन्यांचा एकेक मणी मोजता येतो. आत गेले तर नवी पंचाईत: गाभाऱ्याला एक्स्पोजर दिले तर दाराबाहेरचे पांढरे फटक, दाराला दिले तर गाभारा काळाठिक्कर. एका भेटीत यातले एखादेच कोडे सुटते. दुसऱ्या खेपेला माणूस ट्रायपॉड घेऊन येतो, तिसऱ्या खेपेला ढगाळ दिवस निवडतो, आणि कधीतरी गाभाऱ्याचा अंधार अंधार म्हणूनच ठेवावा हे त्याला कळते. हा आनंद पहिल्या दिवसाच्या वाहवेपेक्षा खोल आहे, कारण तो आपल्याच मागच्या चित्राशी झगडून मिळतो. नोंद ही त्या झगड्याची वही. ती नसेल तर माणूस दरवेळी शून्यापासून सुरू करतो आणि कंटाळतो.

म्हणून मंडळांनी आणि शाळांनी एक साधा बदल करावा. वर्षातून एक स्पर्धा मालिकेची ठेवावी: विषय एकच, तोही आपल्या राहत्या जागेपासून चालत जाता येईल असा, दहा चित्रे, किमान चार ऋतूंतली, प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि दोन ओळी. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोचा आकार घटतो आणि त्यात दडलेली तारीखवेळही गळून जाते, हे ध्यानात घेऊन मूळ फाइल निराळी जपण्याची शिस्तही सोबत शिकवावी. यातून सगळेच कलावंत होतील असे नाही. पण आज छंद सोडून देणाऱ्यांपैकी काही जणांना पुढच्या वर्षी त्याच जागी परत जायला कारण मिळेल, आणि आपल्या कलेला सध्या नव्या कॅमेऱ्यांपेक्षा अशा कारणांचीच गरज अधिक आहे.