बर्नार्डचा तारा आणि एक खोटी भरपाई

भुजंगधारी तारकासमूहातला बर्नार्डचा तारा सुमारे सहा प्रकाशवर्षांवर आहे. इतका जवळ, तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. २०२५मध्ये त्याच्याभोवती चार छोटे ग्रह असल्याचं पक्कं झालं. ही बातमी वाचली, की पीटर व्हॅन डी कॅम्प अखेर खरे ठरले, असं म्हणण्याचा मोह होतो. गोष्ट गोड आहे, पण मला ती पटत नाही.

व्हॅन डी कॅम्प मूळचे डच, अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेचे संचालक. फोटोग्राफिक काचांवर ताऱ्याची जागा वर्षानुवर्षं मोजून १९६३मध्ये त्यांनी जाहीर केलं, की तारा किंचित हेलकावतो. म्हणजे गुरूच्या दीडपटीहून जड ग्रह २४ वर्षांत त्याला फेरी घालतो. १९७३मध्ये गेटवुड आणि आइकहॉर्न यांना इतर दुर्बिणींच्या काचांवर हा हेलकावा सापडला नाही. खरा घाव मात्र घरातून बसला. स्प्राउलच्याच काचा तपासून जॉन हर्शी यांनी दाखवलं, की त्या दुर्बिणीतून टिपलेला एक भलताच ताराही तशाच उड्या मारतो, आणि उड्यांची वर्षं भिंगाच्या बैठकीत केलेल्या बदलांशी जुळतात. हलत होती ती दुर्बीण.

आता नव्या ग्रहांकडे पाहा. प्रत्येकाचं वस्तुमान पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, फेरी अडीच ते सात दिवसांच्या आतबाहेर. ते सापडले वर्णपटावरून : तारा आपल्याकडे येतो-जातो तो वेग सेकंदाला मीटरभरही नाही. असले ग्रह स्प्राउलच्या काचांवर जन्मात उमटले नसते. दोन्ही कथांत तारा तेवढा सामायिक आहे. दगड भलतीकडे पडला आणि त्या झाडाला नंतर फळ लागलं, तर नेम बरोबर होता असं आपण म्हणत नाही.

व्हॅन डी कॅम्प १९९५मध्ये गेले, तोवर त्यांनी चूक मानली नाही. त्यांच्याविषयी हळहळ वाटते, आणि ती वाटावीही. पण ‘अखेर खरे ठरले’ म्हणताना हर्शींचं काम पुसलं जातं, तेही आपल्याच वेधशाळेच्या दुर्बिणीवर शंका घेणाऱ्याचं. कथेला एकाकी द्रष्टा लागतो. भिंगाच्या दुरुस्तीच्या तारखा तपासणारा माणूस तिला नायक म्हणून चालत नाही.

२०१८मध्ये याच ताऱ्याला २३३ दिवसांचा आणखी एक ग्रह लाभला होता. तीन वर्षांत ती ताऱ्याच्याच पृष्ठभागावरच्या हालचालींची खूण निघाली. त्या ग्रहाची शोकांतिका कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.