कमला खानची चित्रकथा

परदेशात वाढणाऱ्या मुलांविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. पण त्या मुलांच्या मनातले बरोबर ओळखणारे लिखाण एका कॉमिक्समध्ये मिळावे, याची गंमत वाटते. ‘मिस मार्व्हल’ ही ती मालिका. ती २०१४ साली अमेरिकेत सुरू झाली. लेखिका जी. विलो विल्सन, पहिले चित्रकार एड्रियन अल्फोना.

नायिका कमला खान ही सोळा वर्षांची मुलगी, जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी मुसलमान घरातली. पहिल्याच अंकात ती दुकानात उभी राहून बेकनचा नुसता वास घेते. खायचे नाही, पण वास घ्यायला कोणाची बंदी? कोशेर पाळणाऱ्या घरातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको.

पुढे एका पार्टीत झोई नावाची शाळेतली मुलगी तिला सुनावते की तुझ्या अंगाला करीचा वास येतो. त्याच रात्री कमलाला शक्ती मिळते. हवे ते रूप घ्यावे, हातपाय हवे तेवढे मोठे करावेत! आणि पहिले रूप ती कोणाचे घेते? आपल्या आवडत्या वीरांगनेचे, गोऱ्या, सोनेरी केसांच्या कॅरल डॅन्व्हर्सचे. विल्सनबाईंची खरी हुशारी येथे दिसते. ते रूप कमलाला सोसतच नाही. केस तोंडावर येतात, बूट चावतात, कपडे नको तेथे रुततात. बुडणाऱ्या त्याच झोईला ती वाचवते खरी, पण दुसऱ्याचे रूप वागवून आपण दमून जातो, हे तिला कळून चुकते. मग ती बुर्किनीचाच पोशाख करते आणि स्वतःच्या सावळ्या चेहऱ्याने बाहेर पडते. इतर कॉमिक्समध्ये शक्ती ही मारामारीसाठी असते. येथे ती परक्या देशातल्या मुलीची रोजची अडचण आहे.

आईबापांनाही लेखिकेने खलनायक केलेले नाही. आई कडक आहे, ओरडते. पण २०१५ च्या अंकात कमला शेवटी आपले गुपित सांगते, तेव्हा आईला ते आधीच ठाऊक असते. ते पान मी दोनदा वाचले.

दोष आहेत. पहिला मोठा खलनायक म्हणजे पक्ष्याच्या डोक्याचा, एडिसनचा अवतार. तो हसवतो, पण फार लांबतो. शिवाय मोठ्या वीरांच्या आपसातल्या भांडणांत कमलाला उगाच ओढले जाते. मात्र अशाच एका भांडणाच्या वेळच्या, २०१६ च्या अंकांत १९४७ ची मुंबई येते. कमलाची पणजी फाळणीच्या धामधुमीत मुंबई सोडून कराचीला निघालेली आहे. पुढे कमला स्वतः कराचीला आजीकडे जाते. तेथे तिला दिसते की या शहराचा स्वतःचा वीर, लाल खंजीर, आधीच कामाला लागलेला आहे, आणि येथले प्रश्न आपल्याला पुरते कळत नाहीत. सुट्टीत ठाण्याला किंवा मुंबईला जाऊन सर्वांना सल्ले देणाऱ्या आपल्या मुलांनी (आणि मोठ्यांनीही) हा भाग जरूर वाचावा.

विल्सनबाईंनी २०१९ साली मालिका सोडली, नंतर सलादिन अहमद यांनी ती चालवली. २०२३ मध्ये कमलाला स्पायडरमॅनच्या मालिकेत मारले आणि त्याच वर्षी परत जिवंत केले. हा धंद्याचा भाग झाला. सुरुवात करायची तर ‘नो नॉर्मल’ या पहिल्या पुस्तकापासून करावी. त्याला २०१५ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले आहे. नातवाची प्रत मागून घेतली तरी चालेल.