शिकणाऱ्या यंत्राचें गणित

व्लादिमिर वाप्निक यांचा ‘द नेचर ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग थिअरी’ हा १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ गणिताचा आहे खरा. परंतु तो गणितज्ञांनाच सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. पाहिलेल्या थोड्यांवरून न पाहिलेल्या पुष्कळांविषयीं बोलण्याचा अधिकार केव्हां प्राप्त होतो, हा त्यांतील प्रश्न. स्वयंपाकघरांतील धूर व अग्नि पाहून पर्वतावरील अग्नीचें अनुमान करणाऱ्या आमच्या नैयायिकांना तो परका वाटला नसता.

वाप्निक व त्यांचे सहकारी अलेक्सेई चेर्वोनेंकिस हे मॉस्को येथील नियंत्रणशास्त्राच्या संस्थेंत काम करीत. १९६८ व १९७१ सालच्या लेखांत त्यांनीं या प्रश्नास गणिताचें रूप दिलें. यंत्रास उदाहरणें दाखविलीं, कीं तें आपल्याजवळच्या नियमांच्या सांठ्यांतून त्यांस जुळेल असा एक नियम उचलतें. परंतु ज्याच्यापाशीं हरएक प्रसंगास साजेसा नियम तयारच आहे, त्याचें जुळणें म्हणजे ज्ञान नव्हे. मग सांठा किती मोठा हें मोजावयाचें कसें? कागदावर एका रेषेंत नसलेले तीन बिंदु घ्या. ते तांबड्या-निळ्या रंगांनीं कसेही रंगविले तरी एक सरळ रेषा दोन रंग वेगळे करूं शकते. चार बिंदु मात्र कसेही मांडले तरी एखादी रंगवणी अशी निघतेच, कीं तेथें सरळ रेषेचें कांहीं चालत नाहीं. म्हणून सरळ रेषांचें माप ३. असें माप सांत असेल आणि उदाहरणें एकाच उगमांतून, परस्परांवर अवलंबून न राहतां, पुरेशीं आलीं असतील, तर पाहिलेल्यांवरील व न पाहिलेल्यांवरील चुकींतलें अंतर हवें तितकें कमी होण्याचा भरंवसा देतां येतो. मग तो उगम कोणताही असो. उलट, एकच संख्या बदलून मिळणाऱ्या ज्या-वक्रांचें माप अनंत ठरतें! सूत्र आंखूड म्हणून नियम साधा, ही आमची भाबडी समजूत येथें पार कोसळते.

ग्रंथकारांनीं येथें कार्ल पॉपर यांस साक्षीला बोलाविलें आहे. जें कधींच खोटें ठरूं शकत नाहीं तें शास्त्र नव्हे, हें साम्य मार्मिक आहे; पण पॉपर यांस अनुमानाची हमी मुळांत मान्यच नव्हती आणि वाप्निक यांस तर तीच हवी आहे. साक्षीदार उलटण्याचा संभव ग्रंथकारांनीं ध्यानांत घेतलेला दिसत नाहीं.

व्यवहाराचा पुरावा त्यांनीं भक्कम दिला आहे. अमेरिकेच्या टपालावरील हस्तलिखित अंकांचे सुमारें ७,३०० नमुने पाहून त्यांच्या पद्धतीच्या यंत्रानें २,००० नवे अंक वाचले. चूक शेंकडा सुमारें ४ झाली. माणसाची २.५ होते.

तथापि पुढें एक चमत्कारिक गोष्ट घडली. २०१६ सालीं चियुआन झांग व त्यांचे चार सहकारी यांनीं बहुस्तरीय मज्जाजालाच्या यंत्रास ५०,००० चित्रें दिलीं, परंतु चित्रांखालचीं नांवें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं वाटेल तीं लाविलीं. यंत्रानें तीं सर्व घोकून टाकलीं! अर्थात् सांठा अफाट; मापानें पाहतां त्याजवर विश्वास ठेवण्यास कांहींच आधार नाहीं. आणि तेंच यंत्र, नांवें खरीं असलीं म्हणजे, न पाहिलेलीं चित्रें उत्तम ओळखतें. यावरून प्रमेय खोटें पडलें असें म्हणणारे घाई करतात. कोणत्याही उगमासाठीं हमी देणारें प्रमेय येथें गप्प बसतें, एवढेंच; गप्प बसणें म्हणजे नाकारणें नव्हे. परंतु लहान सांठा हाच काय तो राजमार्ग, असा जो सूर ग्रंथभर लागला आहे, तो आतां वाचकानें जपूनच ऐकावा. आज रोग्याच्या फुप्फुसाचें छायाचित्रही असलीं यंत्रें वाचतात. तीं बहुधा बरोबर येतात. कां येतात याचें सर्वमान्य उत्तर अद्याप कोणापाशींही नाहीं, आणि तें मागण्याची भाषा आपणांस याच ग्रंथानें दिली आहे.

शैली रुक्ष आहे. तरी रोझेनब्लॅट यांच्या ‘पर्सेप्ट्रॉन’पासूनचा इतिहास सांगणारें आरंभींचें प्रकरण गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनींही वाचण्याजोगें उतरलें आहे. सिद्धता येथें वगळल्या आहेत. ज्यांस त्या पाहिजेत त्यांनीं ग्रंथकारांचाच १९९८ सालचा मोठा ग्रंथ पाहावा.